मागच्या दारानं आलेली शेजारीण

आमच्या सासरी सुनांना नावानं हाक मारत नाहीत. ज्या गावी तिचा संसार, ते गाव हेच तिचं नाव. लग्न झाल्यापासून मी ‘अकोलेवाली’ आहे. धाकटी जाऊ ‘अमरावतीवाली’. खरं तर अमरावती माझं माहेर, जन्म तिथला, शाळा तिथली. पण नवऱ्याची नोकरी अकोल्याची निघाली आणि माझ्या गावाचं नाव धाकटीला गेलं. थोरल्या जाऊबाई शेंदूरजनाघाटला मूळ घरीच राहतात, म्हणून त्यांना गाव लावायची गरज नाही. त्या नुसत्या ‘बाई’. घरी नवरा ‘ऐकलं का’ म्हणतो आणि दुकानात गिऱ्हाइकं ‘टायपिंगवाल्या ताई’ म्हणतात. त्यामुळे इंटरनेटवर निनावी लिहायला लागले तेव्हा मला फार काही सोडावं लागलं नाही. माझं नाव तसंही फक्त रेशनकार्डावर होतं.

जठारपेठेत माझं टायपिंग, झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान. कृषी विद्यापीठातली पोरं बोंडअळीवरचे प्रबंध घेऊन यायची, लग्नघरातले काका पत्रिकेचा मजकूर घेऊन यायचे आणि आपल्या बाजूच्या मामाचं नाव वर घ्या म्हणून भांडायचे. मधल्या वेळात कॉम्प्युटर रिकामा असायचा आणि मीही.

त्या वर्षांत वऱ्हाडाचं नाव रोज पेपरात असे, आणि कशासाठी ते सगळ्यांना माहीत आहे. पुण्याला जाताना गाडीत कोणी विचारलं आणि मी अकोला म्हटलं, की समोरची बाई आवाज खाली आणून बोलायला लागायची, जणू मी आत्ताच कोणाला पोहोचवून आले आहे. एकीनं तर मला तिच्या डब्यातली शेवटची पोळी दिली. पेपरातलं खोटं नव्हतं. आमच्या भावकीतही संत्र्याची झाडं वाळली, घरं शांत झाली. पण त्याच घरांत लोक जेवत होते, भांडत होते, लग्नात शालीच्या रंगावरून रुसत होते. हे कोणी लिहीत नव्हतं. म्हटलं, रोज दुसऱ्यांचं टाइप करते, थोडं आपलं करावं.

ब्लॉगला नाव दिलं ‘शेजारीण’. शेजारीण कोणाचीही असू शकते. दुकानातला मराठी फाँट इंटरनेटवर चालत नव्हता, नुसते चौकोन दिसायचे, म्हणून नव्या पद्धतीचं टायपिंग शिकले. मग लपायचे नियम ठरवले. शहराचं नाव लिहायचं नाही. नवऱ्याला ‘घरचे’ म्हणायचं. आणि टायपिंगचं दुकान अजिबात लिहायचं नाही, कारण जठारपेठेत बाईचं टायपिंगचं दुकान एकच. म्हणून मी ब्लॉगवर शिलाईचं दुकान टाकलं. प्रबंधाऐवजी ब्लाउज, मार्जिनऐवजी शिवण, आणि पत्रिकेवरून भांडणारे काका तसेच ठेवून हातात कापड दिलं.

हे चांगलं चाललं होतं, तोवर एका वाचक बाईंनी विचारलं, ‘ताई, माझ्या ब्लाउजच्या मुंढ्यात, काखेपाशी, झोळ येतो, काय करू?’ मला आयुष्यात बटणापलीकडे काही लावता आलेलं नाही. माझ्या शेजारच्या गाळ्यात एक मुसलमान टेलरमास्तर बसत. मी त्यांना जाऊन विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमच्या ब्लाउजले झोळ येऊन राहिला काय, ताई?”

“माझ्या नाही. एका बाईंच्या.”

“मंग थ्या बाईले भेजो ना इकडे.”

“त्या नाशिकला राहतात.”

“नाशिकमदी टेलर नाई काय?” ते म्हणाले, पण सांगितलं. खांदा किती घ्यायचा, मुंढा कुठं खोल कापायचा, सगळं. मी ते लिहिलं आणि नाशिकच्या बाईंचा झोळ गेला. त्यानंतर महिन्यातून एकदा तरी मला मास्तरांकडे जावं लागायचं. ते काही विचारायचे नाहीत, फक्त मला पाहिलं की म्हणायचे, “बोला, आज कोणत्या गावचा झोळ हाये?”

नवऱ्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “मी इंटरनेटवर लिहिते आहे.” तो म्हणाला, “बरं. वीज जास्त लागते काय?” नाही म्हटल्यावर विषय संपला. त्याची समजूत अशी राहिली की हे दुकानातल्याच कामाचं काहीतरी आहे.

आता चूक कुठं झाली ते सांगते. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, आणि तिन्ही भावांची घरं त्यासाठी शेंदूरजनाघाटला जमतात. एका वर्षी त्याच्या महिनाभर आधी मी त्यावर लिहिलं. कुलाचार म्हणजे आपल्या वऱ्हाडात कसं असतं, या थाटात लिहिलं. पहिल्या दिवशी मुखवटे सुपात घेऊन, ताट वाजवत, कुंकवाची पावलं काढत महालक्ष्म्या घरात आणतात, आणि त्या मागच्या दारानं येतात. गोठ्याजवळून, न्हाणीवरून, स्वयंपाकघरातून देवघरात. हे मी सहज लिहिलं. इतकी वर्षं मीच ती पावलं काढलेली. माहेरी त्या पुढच्या दारानं यायच्या हे मी पार विसरले होते. सगळ्यांकडे असंच असतं असं धरून चालले.

सगळ्यांकडे असं नसतं. आख्ख्या जिल्ह्यात महालक्ष्म्या मागच्या दारानं फक्त आमच्याकडे येतात. का, ते कोणाला माहीत नाही. विचारलं की ‘आपल्यात असंच असते’ एवढंच उत्तर मिळतं. मी गाव लपवलं, नाव लपवलं, धंदा बदलला, आणि आमच्या घराकडे कोणी बोट दाखवावं अशी एकच गोष्ट उघड्यावर मांडून ठेवली.

त्याच लेखात आणखी एक होतं. दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्यात सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी आणि ज्वारीची आंबील असते. आंबील थोरल्या सुनेनंच करायची. आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कोणी काही चाखायचं नाही. मीठ अंदाजानं, हाताच्या सवयीनं. मी लिहिलं होतं, ‘आमच्या थोरल्या जाऊबाईंची आंबील पूर्वी अशी असायची की पाहुणे तीनदा मागायचे. अलीकडे ती खारट होते. वय झालं की मूठ मोठी होते की डोळा चुकतो, कोण जाणे. आधी चाखता येत नाही आणि नंतर प्रसादाला नाव ठेवता येत नाही, म्हणून आम्ही सगळे दरवर्षी गपगुमान पितो आणि मग रात्रभर पाणी पितो.’

त्यावर लोक खूप हसले. पन्नास घरांतल्या खारट आंबिली बाहेर आल्या.

बाईंची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, पुण्यात नोकरीला होती. तिथं एकटी राहायची आणि घरची आठवण आली की इंटरनेटवर वऱ्हाडाचं काही मिळतं का ते शोधायची. तिला ‘शेजारीण’ मिळाली. मागच्या दारापर्यंत आली आणि तिनं घरी फोन लावला.

मला हे अमरावतीवालीकडून कळलं. सणाच्या दोन दिवस आधी तिचा फोन आला. “अकोलेवाल्या बाई, आयकलं काय? आपल्यातलं कोणीतरी कॉम्प्युटरवर आपल्या घरचं लिहून राहिलं. पोरीनं सगळं छापून आणलं. बाईनं त अन्न कमी केलं.”

“काय लिहिलंय?” मी विचारलं. हे विचारताना माझा आवाज बरा निघाला.

“आंबील खारट होते म्हणून. खरं हाये, पण लिहा लागते काय?”

बडनेऱ्यापर्यंत रेल्वे, तिथून अमरावती, मग वरूडची बस. सगळा रस्ता मी एकच हिशेब करत होते की पुतणीनं किती लेख छापले असतील. नवरा खिडकीपाशी झोपला होता.

घरी पोचलो तर वाड्याच्या ओसरीत नव्हे, स्वयंपाकघराच्या दारातच चौकशी बसली होती. पुतणीच्या मांडीवर कागदांचा गठ्ठा. आम्हाला पाणी मिळायच्या आत तिनं मला आंबिलीचा लेख वाचून दाखवला. आपलंच लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा तो माझा पहिलाच प्रसंग. एक वाक्य लांबलं होतं. एका ठिकाणी ‘आणि’ दोनदा आला होता.

“आता सांगा काकू, कोण असन?”

पहिला संशय अमरावतीवालीवर गेला होता, कारण लिहिणारीचं शिलाईचं दुकान आणि हिच्या घरी शिलाई मशीन. तिनं देवघरात जाऊन हळदीकुंकवाला हात लावून शपथ घेतली होती. “माही मशीन बंद पडून दोन वर्षं झाले,” ती मला म्हणाली. “आन मी कायले लिहीन? मले फोनवर बोलाले वेळ पुरत नाही.”

मी शपथेची वाट पाहत होते. पण माझ्याकडे कोणी वळेचना.

“काकूले इचारूनच नाही राहिली मी,” पुतणी म्हणाली. “काकू त जे असन थे तोंडावर बोलते. तिले लपून लिहाची काय गरज?”

“हो न,” अमरावतीवाली म्हणाली. “माह्या लग्नातल्या भाताले तिनं मांडवातच कच्चा म्हणलं होतं.”

हे मी म्हटलं होतं. तो कच्चाच होता. पण बाईंच्या आंबिलीबद्दल मात्र मी इतक्या वर्षांत तोंडावर एक शब्द बोलले नव्हते, आणि तेवढं सोडून सगळं घर माझ्या स्पष्टपणावर निर्धास्त होतं.

बायका बाद झाल्यावर संशय भासऱ्यांवर गेला होता, म्हणजे बाईंच्या नवऱ्यावर. ते शाळेतून निवृत्त झालेले. रोज सकाळी बाजारात एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे जाऊन नागपूर मंडीचे भाव कॉम्प्युटरवर पाहत. घरात कॉम्प्युटर हाताळणारे पुरुष म्हणजे ते एकटे. भाषा शुद्ध, स्वल्पविराम जागच्या जागी, म्हणजे शाळामास्तरचंच काम, असं पुतणीचं म्हणणं.

“पण शिलाई?” मी म्हटलं. “त्यांना तर बटणही लावता येत नाही.”

इतका वेळ चुलीकडे तोंड करून बसलेल्या बाई तिथूनच म्हणाल्या, “म्हणूनच थे टाकलं. कोणाले शंका येऊ नये म्हणून.”

हेच मी केलं होतं, फक्त मी ते नव्हते.

भासरे बाहेर खाटेवर पेपर वाचत बसले होते. ते नाही म्हणत नव्हते. हो पण म्हणत नव्हते. कोणी विचारलं की मिशीतून हसायचे आणि म्हणायचे, “लेखन चांगलं हाये बरं, कोणाचंही असो.” दुपारपर्यंत बाजारातून दोन माणसं त्यांना भेटून गेली. एकानं त्यांना ‘लेखकसाहेब’ म्हटलं आणि त्यांनी चहा पाजला.

आणि इकडे बाईंनी त्यांच्याशी बोलणं बंद केलं होतं. वाढायच्या, पण ताट ठेवून वळायच्या. ते काही मागत, तर भिंतीकडे पाहून म्हणायच्या, “पोरी, तुह्या बापाले इचार, काय पाहिजे.” सकाळी त्यांनी जाहीर केलं होतं की यंदा आंबील होणार नाही. खारट होते, सगळ्या दुनियेनं वाचलं, आता महालक्ष्मीलाही कळू द्या. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी भिजवून मडक्यात आंबत ठेवलेलं तसंच होतं, फडकं बांधून, आंबट वास सोडत.

आंबिलीवाचून महालक्ष्म्यांचा नैवेद्य म्हणजे काय, हे ज्यांच्याकडे बसतात त्यांना सांगायला नको. दुसऱ्या कोणी करायची नाही हाही आमचाच नियम. अमरावतीवाली कोपऱ्यात रडवेली होऊन भाज्या चिरत होती.

संध्याकाळी आम्ही महालक्ष्म्या आणल्या, मागच्या दारानं. पावलं मी काढली. ताट पुतणी वाजवत होती, बाई सूप धरून होत्या. उंबऱ्याशी त्या थांबल्या आणि मला हळूच म्हणाल्या, “बरोबर काढ व पावलं. कोणी पाहून लिहीन.”

मी आधी भासऱ्यांकडे गेले. म्हटलं हे सोपं पडेल. “तुम्ही एकदा सांगून टाका ना, की मी लिहीत नाही.”

“कावून सांगू? मी काही म्हणलंच नाही न.”

“बाई उपाशी बसल्यात.”

“बसते तशी. जेवन उद्या,” ते म्हणाले, आणि मग जरा पुढे वाकून, “तो कापडवाल्या काकाचा लेख तुम्ही वाचला काय? काय रंगवला हाये. शेवटी काका कापड घेऊन पळते.”

काका पळत नाही. काका बसून राहतो आणि चहा मागतो, आणि तीच त्या लेखातली मजा आहे. मी उठले ती तडक स्वयंपाकघरात गेले. माझ्या उठण्यात बाईंची काळजी किती होती आणि काकांची किती, ते मी कधी मोजलं नाही.

बाई एकट्याच होत्या, फुलोऱ्याच्या करंज्या डब्यात भरत. मी पाट ओढून बसले.

“बाई, ते मी लिहिते.”

“काय?”

“शेजारीण. ती मी.”

त्यांनी करंजी खाली ठेवली. “तू त टायपिंग करतं न.”

“हो.”

“मंग शिलाईचं कावून लिहिलं?”

“कोणाला कळू नये म्हणून.”

“आन मागचं दार कावून लिहिलं?”

“मला वाटलं सगळ्यांकडे असतं.”

“सगळ्यायकडे,” त्या म्हणाल्या. “इतले वर्ष झाले तुले या घरात, आन तुले वाटते सगळे लोकं देवाले न्हाणीवरून आणते.” मला वाटतं, त्यांना पहिलं हसू तिथंच आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं. “आंबील खारट होते?”

“होते.”

“कधीपासून?”

“तीन-चार वर्षं झाली असतील.”

“सगळ्यायले माहीत हाये?”

“हो.”

“यायले बी?” त्यांनी ओसरीकडे मान केली.

“ते मागच्या वर्षी दोन वाट्या प्यायले.”

“आन वरतून म्हणलं, झकास झाली.” बाईंनी डब्याचं झाकण लावलं, जरा जोरात. “म्हणजे लिहिणारा थो नाहीच. खोटं बोलणारा हाये.” मग पुढचा डबा ओढला. “तू लिहिलं, थे मले चालते. तू जाऊ हायेस. जाऊ नाही बोलन त कोण बोलन? पण तोंडावर बोलाचं होतं. भाताले बोलली न, तशी.”

“भात तुमचा नव्हता.”

यावर त्या हसल्या. चांगल्या हसल्या. पुतणी दारात डोकावली, तर तिला म्हणाल्या, “काही नाही, जाय तू. आमचं चालू हाये.” ती गेल्यावर मला म्हणाल्या, “यायले सांगू नको. दोन दिवस झाले घरात तोंड बंद हाये त्यायचं. लेखकसाहेब म्हणून बसले तिकडे, बसू दे. आन मुलीले बी नको. थे लगेच पुण्याले सांगन.”

म्हणजे माझं नाव एका माणसाला कळलं आणि तिथंच थांबलं. एवढंच हवं होतं हे मला तेव्हा कळलं.

सकाळी आंबील चुलीवर चढली. पीठ चांगलंच आंबलं होतं. बाईंनी ताक ओतलं, घोटलं, खोबऱ्याचे काप टाकले, आलं-मिरची टाकली. मग मिठाच्या बरणीत हात घातला, मूठ बाहेर काढली आणि त्या थांबल्या. मूठ माझ्यापुढं धरली.

“पाह्य. हे जास्त हाये काय?”

मी पाहिलं. “मला काय माहीत, बाई? मी कधी केलेली नाही.”

“लिहाले माहीत होतं.” त्यांनी मीठ बरणीत परत टाकलं आणि बरणी माझ्याकडे सरकवली. “तुह्या हातानं टाक.”

“नियम आहे ना, थोरलीनंच करायची.”

“केली न मीच. मीठच तर टाकून राहिली तू. टाक.”

चाखायची सोय नव्हती. पातेलं एवढं मोठं, आणि वर्षानुवर्षांच्या खारटपणाची धास्ती. मी अर्धी मूठ घेतली, त्यातलीही थोडी परत टाकली आणि सोडली. बाई घोटत राहिल्या.

नैवेद्य झाला, पंगत बसली. पहिली वाटी भासऱ्यांना. त्यांनी मोठा घोट घेतला. सगळी पंगत त्यांच्याकडे पाहत होती. आंबील ठार अळणी होती. मी माझी चाखून पाहिली होती. नुसतं आंबट पाणी. भासऱ्यांनी वाटी खाली ठेवली, मिशी पुसली आणि म्हणाले, “झकास. आणा अजून.”

बाईंनी वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. दोन दिवसांनी त्या पहिल्यांदा त्यांच्याशी बोलल्या. “घ्या,” म्हणाल्या, “पाहिजे तितली घ्या. यंदा कमी नाही पडनार.” आणि त्यांना तिसरी वाटी वाढली. बाकी सगळे गपगुमान प्यायले. अमरावतीवालीनं पानातलं लोणचं आंबिलीत कालवताना मी पाहिलं.

अकोल्याला परत आल्यावर दुकान उघडलं, दोन प्रबंध पूर्ण केले आणि दुपारी ‘शेजारीण’वर बसले. जे घडलं तेच लिहिलं. या वर्षी आंबिलीत मीठ मी टाकलं आणि ती अळणी झाली. थोरल्या जाऊबाईंच्या खारट आंबिलीला नाव ठेवणाऱ्या बाईनं हे लक्षात ठेवावं. शिलाईचं काही घातलं नाही. टेलरमास्तर झेरॉक्सला आले होते, त्यांनी विचारलं, “आज झोळ नाई काय, ताई?” आज नाही, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्या लेखाखाली पहिलीच प्रतिक्रिया पुण्याहून होती. पुतणीनं लिहिलं होतं: ‘बाबा, तुमी आंबिलीत मीठ टाकाले कवा गेले होते? आईनं तुमाले चुलीजवळ येऊच कसं देलं?’

मी ती वाचली, कॉम्प्युटर दुसऱ्या कामाला लावला, आणि बाईंना फोन करून वाचून दाखवली.